असईच्या तोफा आणि दौलतराव शिंदे

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदन-जाफराबाद परिसरात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहानसे गाव आहे. महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकाला पानिपत ठाऊक असते, खर्डा ठाऊक असतो, खडकी आणि कोरेगावही ठाऊक असतात. असईचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठांवर नसते. ब्रिटिशांच्या लष्करी इतिहासात परिस्थिती नेमकी उलट आहे. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजेच आर्थर वेलस्ली, याने आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या साऱ्या लढायांमध्ये पहिला मान असईला दिला होता, असे सांगितले जाते. ज्या सेनापतीने पुढे युरोपचे भवितव्य ठरविणारी लढाई जिंकली, त्याला मराठवाड्यातील ही एका दुपारची लढाई इतकी मोठी का वाटावी, याचे उत्तर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या तोफांमध्ये आहे. त्या तोफा कोणाच्या होत्या, त्या तेथवर कशा आल्या आणि त्यांच्याभोवती गोलंदाज एकाकी का मेले, हे समजून घ्यायचे तर दौलतराव शिंदे यांचे चरित्र चाळावे लागते.

दौलतरावांचा जन्म १७७९ चा. पानिपतावर धारातीर्थी पडलेले तुकोजी शिंदे हे महादजींचे बंधू. त्यांचे पुत्र आनंदराव आणि आनंदरावांचे पुत्र दौलतराव. महादजींना पुत्र नव्हता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे देहावसान झाले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सत्तेची सूत्रे अवघ्या पंधरा वर्षांच्या या मुलाच्या हाती आली. दिल्लीचा बादशहा शाहआलम शिंद्यांच्या संरक्षणाखाली होता, माळव्यापासून यमुनेपलीकडच्या दुआबापर्यंतचा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता आणि या सर्वांना आधार होता तो कवायती फौजेचा व तोफखान्याचा.

हा तोफखाना ही महादजींच्या दूरदृष्टीची निर्मिती होती. केवळ घोडदळाच्या वेगावर विसंबून यापुढे राज्य टिकणार नाही, हे पानिपतातून जखमी होऊन परतलेल्या महादजींनी पुरते ओळखले होते. १७८४ च्या सुमारास त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील शांबेरीचा रहिवासी असलेल्या बन्वा द बॉयन या अनुभवी सैनिकाला नोकरीस घेतले. त्याने उभारलेल्या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे राजपूत फौजांचा पराभव केला, तर १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांची फौज मोडली. पुढे या पलटणींचे कंपू झाले. प्रत्येक कंपूला स्वतःचा तोफखाना, दारूगोळ्याच्या गाड्या, ओढीचे बैल, लोहार-सुतार आणि जखमींची व्यवस्था असे. तोफा ओतण्याचे काम आग्रा येथे व अन्यत्र चाले. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश कारागीर त्यात वाकबगार होता. तोफेचे तोंड अचूक वरखाली करण्यासाठी स्क्रूची सोय असलेल्या या तोफा युरोपातील तोफांच्या तोडीच्या होत्या. असईनंतर हाती लागलेल्या तोफा तपासताना इंग्रजांनाही हे मान्य करावे लागले.

तोफा उत्तम असणे ही एक गोष्ट आणि त्या चालविणारी माणसे निष्ठावान राहणे ही दुसरी. महादजींनी त्याचाही विचार केला होता. अलीगढच्या आसपासचा दुआबातील सुपीक मुलूख त्यांनी या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला होता, त्यामुळे शिपायांचा आणि गोलंदाजांचा पगार वेळेवर होई. अवध, रोहिलखंड आणि दुआबातून आलेले हे बहुतेक पुरभय्ये शिपाई आपल्या पलटणीशी व आपल्या तोफेशी जीवाभावाने बांधले गेले, त्यामागे या नियमित पगाराचा मोठा वाटा होता. तोफ ही त्यांच्या लेखी केवळ शस्त्र नव्हते. पलटणीची ती अब्रू होती.

दौलतरावांच्या वाट्याला हा तयार वारसा आला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणात निजामाविरुद्ध मराठे एकवटले, तेव्हा जिवबादादा बक्षी यांच्या नेतृत्वाखालील शिंद्यांच्या फौजेने आणि पेराँ या फ्रेंच सरदाराच्या पलटणींनी मोठी कामगिरी बजावली. मराठा मंडळाने एकत्र येऊन मिळविलेला तो अखेरचा मोठा विजय ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव पेशव्यांचा मृत्यू झाला आणि पुण्याच्या गादीभोवती कारस्थानांचे जाळे विणले जाऊ लागले. वर्षअखेरीस द बॉयनही प्रकृतीच्या कारणाने नोकरी सोडून युरोपास परतला. जाताना त्याने दौलतरावांना इंग्रजांशी युद्धप्रसंग टाळण्याचा, वेळ आलीच तर पलटणी मोडून टाकण्याचा सल्ला दिला होता, असे सांगतात. जिवबादादाही लवकरच निवर्तले. महादजींनी घडविलेली जुनी, जाणती माणसे अशी एकेक करून दूर होत असताना तरुण दौलतराव पुण्याच्या राजकारणात खोल खोल रुतत गेले.

उत्तरेतील दौलत सांभाळायची सोडून दौलतराव १८०० पर्यंत दक्षिणेतच राहिले, ही त्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी चूक म्हणावी लागेल. दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसविण्याच्या खटपटी, नाना फडणवीसांना १७९७ च्या अखेरीस दग्याने कैद करणे, महादजींच्या विधवांशी झालेला दीर्घ झगडा या सर्वांनी खजिना रिकामा झाला. १७९८ मध्ये कागलच्या सर्जेराव घाटगे यांची कन्या बायजाबाई यांच्याशी दौलतरावांचा विवाह झाला आणि घाटगे हे त्यांचे दिवाण बनले. फौजेचा तुंबलेला पगार भागविण्यासाठी सर्जेरावांनी पुण्यातील सावकारांवर व प्रतिष्ठितांवर जो जुलूम केला, त्याची आठवण पुणेकरांनी पुढे कित्येक पिढ्या जपली. पगाराचा मुलूख उत्तरेत आणि फौज दक्षिणेत, ही विसंगती या साऱ्याच्या मुळाशी होती.

होळकरांशी असलेले वैर तर याहूनही घातक ठरले. १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने केलेल्या हल्ल्यात मल्हारराव होळकर मारले गेले. १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. बंधूंच्या मृत्यूने पेटलेल्या यशवंतरावांनी माळव्यात शिंद्यांशी लढाया केल्या आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या संयुक्त फौजेचा पुरता मोड केला. बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह करून तैनाती फौज स्वीकारली. मराठ्यांच्या तोफा परस्परांवर डागल्या गेल्या आणि त्याचा लाभ तिसऱ्याने घेतला. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या संरक्षणात बाजीराव पुन्हा पुण्यात दाखल झाला. त्या वेळी आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली कंपनीचा गव्हर्नर जनरल होता.

वसईचा तह हा आपल्या अधिकाराचा शेवट आहे, हे दौलतरावांना कळत होते. त्यांनी नागपूरकर रघूजी भोसल्यांशी हातमिळवणी केली. यशवंतराव होळकरांनाही या युतीत आणण्याचे प्रयत्न झाले. तथापि जुन्या जखमा भरल्या नव्हत्या, होळकर दूर राहिले. ३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला आणि युद्धाला तोंड फुटले. दहा दिवसांच्या आत अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला ताब्यात घेतला. शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने जाहीरनामा काढून, तितक्याच पगाराचे आश्वासन देऊन फोडले. पलटणींना ज्यांनी शिकविले होते, तेच अधिकारी ऐन लढाईच्या तोंडावर निघून गेले. उत्तरेत खुद्द पेराँने दौलतरावांची नोकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला.

२१ सप्टेंबर रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूर येथे भेट झाली. मध्ये असलेल्या डोंगररांगेच्या दोन बाजूंनी दोन फौजांनी पुढे सरकावे आणि २४ तारखेला भोकरदनजवळ असलेल्या शिंदे-भोसल्यांच्या छावणीवर एकत्र हल्ला करावा, असे ठरले. परंतु २३ तारखेच्या सकाळी सुमारे बावीस किलोमीटरांची मजल मारून वेलस्ली नळणीजवळ पोहोचला, तेव्हा त्याला समजले, की मराठ्यांची फौज अपेक्षेपेक्षा कितीतरी जवळ आहे. स्टीव्हन्सन दूर होता. थांबावे, तर शत्रू निसटण्याची वा उलट आपल्यावरच चालून येण्याची भीती; लढावे, तर हाताशी प्रत्यक्ष लढाईसाठी गोरे-काळे मिळून सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य, शिवाय म्हैसूरकर आणि पेशव्यांचे स्वार. समोर केळनेच्या उत्तर तीरावर दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारोंच्या संख्येने घोडदळ होते. वेलस्लीने त्याच दिवशी लढण्याचा निर्णय घेतला.

मराठ्यांच्या कवायती पलटणींची सूत्रे अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराकडे होती. हा मनुष्य एके काळी कंपनीच्याच चाकरीत सार्जंट होता. त्याच्या कंपूखेरीज द्यूपाँच्या पलटणी आणि सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही मैदानात होत्या. नदीचा उतार कोठे आहे, हे वाटाड्यांना सांगता येईना. पूर्वेकडे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे वेलस्लीला दिसली. दोन गावे अशी नदीच्या आरपार वसलेली असतील, तर त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने बांधला आणि तो खरा ठरला. नदी ओलांडताना मराठ्यांच्या तोफा बरसू लागल्या. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे मस्तक पहिल्याच गोळ्यांनी उडाले.

पुढे जे घडले, त्यात शिंद्यांच्या पलटणींच्या शिस्तीची खरी परीक्षा होती. बगलेवर शत्रू येत आहे असे दिसताच पोलमनने आपली संपूर्ण रांग काटकोनात फिरवून केळनेपासून असईपर्यंत पूर्वाभिमुख उभी केली. शत्रूच्या नजरेसमोर दहा हजार पायदळ आणि जड तोफा अशा फिरवणे हे युरोपातील कसलेल्या सैन्यालाही सोपे नव्हते. मराठी फौजेला हे साधेल, अशी वेलस्लीची अपेक्षाच नव्हती. त्याने आपल्या तोफा पुढे आणल्या. पण शिंद्यांच्या गोलंदाजांनी इतका अचूक मारा केला, की इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल आणि तोफची पटापट कोसळले. तोफांच्या बळावर लढणे अशक्य झाले, तेव्हा वेलस्लीला त्या मागे टाकून संगिनींनिशी चालून जाणे एवढाच मार्ग उरला.

डावीकडे ७८ वी हायलँडर पलटण छऱ्यांच्या माऱ्यातून तोफांपर्यंत पोहोचली. पायदळाची रांग मागे हटली तरी गोलंदाज हटले नाहीत. हातातील साधनांनी लढत ते तोफांपाशीच पडले. उजवीकडे असईच्या रोखाने चुकून फार पुढे गेलेल्या इंग्रज तुकड्यांची आणि ७४ व्या पलटणीची तर वाताहत झाली. गावाच्या तटबंदीआडच्या आणि बाहेरच्या तोफांनी त्यांना अक्षरशः झोडपून काढले. ७४ व्या पलटणीचे जवळपास सर्वच अधिकारी ठार किंवा जखमी झाले. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने वेळेवर धाव घेतली म्हणून उरलेसुरले वाचले.

एवढ्यावर हे संपले नाही. तोफा काबीज झाल्या असे समजून इंग्रजांची रांग पुढे गेली आणि तोफांखाली मृतवत् पडून राहिलेले कित्येक गोलंदाज उठले. त्यांनी तोफा फिरविल्या आणि पुढे गेलेल्या शत्रूच्या पाठीवर मारा सुरू केला. जिंकत आलेली लढाई हातची जाते की काय, असा तो क्षण होता. वेलस्लीला स्वतः ७८ वी पलटण आणि मद्रासच्या घोडदळाची तुकडी घेऊन मागे वळावे लागले आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. त्या दिवशी त्याच्या अंगाखालचे दोन घोडे गेले. मॅक्सवेल ठार झाला.

संध्याकाळपर्यंत पोलमनच्या पलटणी उत्तरेकडे जुई ओलांडून निघून गेल्या. सुमारे शंभर तोफा मैदानात राहिल्या. कंपनीच्या बाजूचे ४२८ लोक ठार आणि ११३८ जखमी झाले; म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश. मराठ्यांकडील सुमारे बाराशे लोक रणांगणावर पडले. इंग्रजांची हानी इतकी होती, की त्यांना त्या रात्री पाठलाग करता आला नाही. त्यांचे जखमी पुढे अजिंठ्याच्या तटबंदीत हलविण्यात आले. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी सायंकाळी पोहोचला.

या साऱ्यात दौलतराव आणि रघूजी भोसले यांचे प्रचंड घोडदळ काय करीत होते, हा प्रश्न इतिहासाने आजही त्यांच्यापुढे उभा ठेवला आहे. ज्या क्षणी ७४ वी पलटण मोडली आणि तोफा पुन्हा बोलू लागल्या, त्या क्षणी हजारो स्वारांचा एक निर्धाराचा हल्ला झाला असता, तर वेलस्लीचे नाव कदाचित कोणी ऐकले नसते. तसा हल्ला झाला नाही. चोवीस वर्षांच्या दौलतरावांकडे सैन्य होते, शस्त्रे होती, मरायला तयार असलेली माणसे होती. या सर्वांना एका सूत्रात गुंफणारा सेनापती मात्र नव्हता. महादजी स्वतः रणांगणावर उभे राहून कवायती पायदळ आणि मराठी घोडदळ यांची सांगड घालीत. दौलतरावांच्या काळी ही दोन दले एकाच छावणीत असूनही एकमेकांना परकी होती.

पुढचे तीन महिने पराभवांचे होते. उत्तरेत जनरल लेकने ४ सप्टेंबरला अलीगढ आणि ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई जिंकली होती. १ नोव्हेंबरला लासवाडी येथे शिंद्यांच्या पलटणी पुन्हा एकदा आपल्या तोफांभोवती शेवटपर्यंत लढल्या. तेथेही सत्तरवर तोफा गेल्या. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्रा, भडोच आणि अहमदनगर शिंद्यांकडून गेले. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा जालना व गंडापूरसह सारा मुलूखही सोडावा लागला. ज्या दुआबाच्या उत्पन्नावर तोफखाना उभा होता तोच गेल्यामुळे महादजींच्या फौजेचा पायाच उखडला गेला. जालन्याचा प्रदेश निजामाच्या राज्यात गेला, तो १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त होईपर्यंत तेथेच राहिला.

दौलतराव त्यानंतर आणखी तेवीस वर्षे जगले. नोव्हेंबर १८०५ च्या तहाने त्यांना ग्वाल्हेर आणि गोहद परत मिळाले. १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली त्यांची छावणी स्थिरावली आणि त्या छावणीतूनच लष्कर हे शहर उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर हिंडणारी शिंद्यांची सत्ता एका ठिकाणी बसली, ती अशी. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेच्या निमित्ताने इंग्रजांनी त्यांना पुन्हा तहात जखडले. पुण्यात पेशवाई शेवटचे श्वास घेत असताना दौलतराव तटस्थ राहिले. त्यामुळे ग्वाल्हेरचे राज्य टिकले. पण ते स्वतंत्र सत्ता म्हणून टिकले नाही. २१ मार्च १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनाही पुत्र नव्हता. बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेऊन १८३३ पर्यंत राज्याचा कारभार मोठ्या हुशारीने सांभाळला.

असईच्या पराभवाचा अर्थ लावताना एक मत नेहमी मांडले जाते. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती पलटणी आणि तोफा यांचा हव्यास धरला, म्हणून ते बुडाले, असे ते मत. असईचा तपशील पाहिला म्हणजे हे मत पुरेसे वाटत नाही. त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूने जे काही यशस्वी झाले, ते तोफखान्यामुळे आणि कवायती पायदळामुळेच. उणीव होती ती इतरत्र : पगाराचा मुलूख आणि फौज यांची ताटातूट, ऐन वेळी निघून जाणाऱ्या परक्या अधिकाऱ्यांवरील भिस्त, घोडदळ आणि पायदळ यांच्यातील दुरावा आणि शिंदे-होळकरांचे भाऊबंदकीचे वैर. तोफा ओतता येतात, त्या चालविणारे घडविताही येतात. पण त्यांच्यामागे उभे राहणारे राजकारण एकदिलाने करावे लागते. दौलतरावांना पहिल्या दोन गोष्टी वारशाने मिळाल्या, तिसरी त्यांना कमावता आली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २९ डिसेंबर १८४३ रोजी, ग्वाल्हेरजवळ महाराजपूर येथे शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी पुन्हा गाठ पडली. त्याही वेळी ग्वाल्हेरचे गोलंदाज आपल्या तोफा सोडून गेले नाहीत आणि तोफांपाशीच मारले गेले. महादजींनी रुजविलेली ती परंपरा राजे बदलले, तह झाले, मुलूख गेला, तरी शिपायांच्या मनात जिवंत राहिली होती. इंग्रजांनी असईच्या ७४ व्या पलटणीला खास निशाण देऊन गौरविले. विरुद्ध बाजूला तोफांखाली निपचित पडून राहून पुन्हा उठणाऱ्या गोलंदाजांची नावे मात्र कोणत्याही निशाणावर नाहीत. भोकरदनच्या वाटेने अजिंठ्याकडे जाणाऱ्या प्रवाशाने कधी वाट वाकडी करून केळना-जुईच्या त्या बेचक्यात जावे. दौलतरावांच्या चुकांचा हिशेब इतिहासाने मांडला आहेच. त्या चुकांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची आठवण ठेवणे हे आपल्याकडे राहिलेले काम आहे.